गच्चीचे चार फड

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर कळेल. जळगावात पिंप्राळ्याकडे तुमचं स्वतःचं घर. वर ६०० चौरस फुटांची गच्ची, मागे दहा बाय बाराचं परसू. घरात तुम्ही दोघं नोकरीवाले, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. नळ चौथ्या दिवशी येतो. अमेरिकेतल्या एका कुटुंबाने भर शहरात राहून घरचं खाणं घरीच पिकवल्याचं पाहून तुम्ही गेल्या फेब्रुवारीत गच्चीवर भाजी लावायला मातीच्या चाळीस पिशव्या भरल्या. मे संपेपर्यंत त्यातल्या सदतीस वाळून गेल्या. आता विचारताय, की शहरातल्या घरात असं पिकवून, साठवून, वाळवून राहणं आपल्या खान्देशात जमतं का, धरायचं कुठून, आणि घरखर्चात त्याने काही फरक पडतो का.

जमतं. मी धुळ्यात देवपुरात १९ वर्षं हे करतेय, आणि पहिली चार वर्षं तुमच्यासारखाच मार खाल्लाय. तुमचं पाणी नंतर कमी पडलं, पंचांग आधी चुकलं. फेब्रुवारीत लावणी ही पुण्या-बंगळूरच्या गच्चीवरची रीत. तिकडे रोप मार्च-एप्रिलमध्ये बाळसं धरतं. आपल्याकडे ते बाळसं धरेपर्यंत स्लॅबवर अनवाणी पाय टेकवत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तो सावलीतला; काळ्या पिशवीतल्या मातीला काय सोसावं लागतं ते दुपारी एकदा बोट खुपसून बघा. वरून पाणी घातलं तरी मुळं शिजतात.

तुम्ही पाहिलेलं कुटुंब बहुधा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचं दर्वेस कुटुंब असावं. वर्षाला ६,००० पौंड, म्हणजे जवळपास २,७०० किलो माल, हा त्यांचा आकडा सगळीकडे फिरतो. तो ऐकून आपण हरखतो आणि जागेचा आकडा विसरतो. लागवडीखाली एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे, आणि तीही जमीन. तुमची गच्ची अर्ध्या गुंठ्याहून जरा जास्त आणि खाली स्लॅब. शिवाय त्यांचा पाऊस हिवाळ्यात पडतो, आपला चार महिन्यांत येऊन जातो. त्यांच्याकडून चिकाटी घ्या, वेळापत्रक घेऊ नका.

वेळापत्रक मला माझ्या माहेरच्या गावाने दिलं. माझं माहेर पांझरेकाठचं. तिथे कित्येक पिढ्या फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे तुकडे, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी भिजवणीचं पीक आणि कुठला कोरडा ठेवायचा, हे सगळ्यांनी बसून त्या वर्षीच्या पाण्याकडे बघून ठरवायचं. शेतकऱ्याची पट्टी बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असायची, त्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तर त्याची झळ सगळ्यांनाच थोडी थोडी बसायची, एकट्यादुकट्याचं मरण व्हायचं नाही. पाणी द्यायला पाटकरी. त्याच्या शब्दापुढे पाटलाचंही चालत नसे, असं माझे आजोबा सांगायचे. ते आजोबाच सांगायचे म्हणून त्यात थोडं मीठमिरची धरा.

पाचव्या वर्षी, चौथ्यांदा पिशव्या वाळल्यावर, माझ्या डोक्यात हा फड आला. आपण आधी पीक ठरवत होतो आणि मग त्याच्यासाठी पाणी शोधत होतो. तिथे उलटं होतं. तेव्हापासून माझ्या गच्चीचे चार फड आहेत.

पहिला फड बारमाही: कढीपत्ता, एक कागदी लिंबू, दोन-तीन मिरच्या, पुदिना, गवती चहा. सगळी मिळून आठ भांडी, पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे दुपारी दोननंतर सावलीत. यांना मेमध्येही पाणी मिळतं, बाकी कुणाला नाही. दुसरा फड पावसाळ्याचा: वांगी, भेंडी, गवार, चवळी, आणि कठड्यावरून सोडलेले गिलके-दोडक्याचे वेल. तिसरा हिवाळ्याचा: मेथी, पालक, पोकळा, कांद्याची पात, लसूण, टमाटे, आणि खुडून भाजीला म्हणून दाट पेरलेला हरभरा. चौथा फड रिकामा. त्यात काही लावायचंच नाही. तो कशासाठी, ते पुढे सांगते, कारण माझ्या मते खान्देशातल्या गच्चीचं खरं पीक तिथेच निघतं.

होळी झाली की मी दुसऱ्या-तिसऱ्या फडाचं पाणी तोडते. जे उरलं ते उपटायचं, पिशव्या एकमेकींना चिकटवून सावलीत ठेवायच्या, वरून उसाची चिपाडं घालायची आणि मृगापर्यंत विसरून जायचं. पहिल्या वर्षी हे करताना जिवावर येतं. टमाट्याला अजून फुलं असतात. पण एप्रिलमध्ये त्या फुलांचं फळ होत नाही, उन्हाच्या तडाख्याने गळतात. चाळीस पिशव्यांना मेमध्ये पिशवीमागे तीन लिटर धरलं तर रोज १२० लिटर झालं, आणि चार दिवसांच्या फेऱ्याला जवळपास पाचशे. तुमची टाकी हजाराची असेल तर निम्मं पाणी भाजीला आणि उरलेल्यात चार माणसं, एक कूलर. हा हिशेब मांडला असता तर तुम्ही चाळीस पिशव्या भरल्याच नसत्या.

बारमाही फडासाठी मात्र एक खात्रीचा उपाय आहे, आणि तो आपल्या घरी दरवर्षी आपसूक येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतो ना, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवून? ती घागर. सण झाला, घागर महिनाभर वापरून झाली, की मोठ्या कुंडीत किंवा परसात गळ्यापर्यंत पुरायची, भरायची, वर बशी झाकायची. माती कोरडी झाली की घागरीतून पाणी पाझरतं, ओली असली की थांबतं. माझ्या लिंबाला मेमध्ये दोन दिवसांतून एकदा घागर भरून भागतं. फक्त चार-पाच वर्षं पिण्यासाठी वापरलेला जुना माठ पुरू नका. माठात पाणी गार होईनासं झालं, की त्याची छिद्रं क्षारांनी बुजली असं समजायचं. जो माठ बाहेर पाझरत नाही तो मातीत जाऊन काय पाझरणार? मी असे तीन माठ पुरले होते. झाडं वाळली आणि माठ भरलेलेच राहिले.

क्षारांवरून आठवलं. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी आणि पाण्याच्या फिल्टरच्या यंत्रातून बाहेर जाणारं पाणी झाडांना घालू नका, वाया जातंय म्हणून कितीही जीव तुटला तरी. दोन्हींत क्षार गोळा झालेले असतात. आपल्याकडे बोअरचं पाणी आधीच जड. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसायला लागली की पानांच्या कडा करपतातच. ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. आंघोळीचं आणि भाज्या धुतलेलं पाणी मात्र परसात न्या. तिथे एक खड्डा, खड्ड्याच्या काठाने दोन केळी, एक अळूचं बेट आणि कर्दळ. आमच्याकडे बाथरूमचा पाइप कोपऱ्यातून वळवायला प्लंबरने अर्धा दिवस घेतला. त्या अळूच्या वड्या गेली बारा वर्षं खातोय. पालेभाज्यांना मात्र साबणाचं पाणी नको.

पावसाच्या पाण्याचाही हिशेब मांडून टाकते. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. तुमची गच्ची ५६ चौरस मीटर. थोडं उडून-सांडून जातं ते सोडलं तरी २० मिलिमीटरच्या एका सरीला ९०० लिटर हाती लागतं. जळगावचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे सगळ्या हंगामात तीस हजार लिटर गच्चीवरून वाहून जातं. ते साठवून उन्हाळ्याला पुरवू असं मनात आणू नका, तेवढी टाकी घराखाली मावणार नाही. एक हजार लिटरची टाकी ठेवा, जाळीने घट्ट झाकून, नाहीतर डासांची पैदास. ती टाकी श्रावणात पावसाने ओढ दिली की कामाला येते. उरलेलं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून बोअरकडे सोडा. पहिल्या दोन पावसांचं पाणी तेवढं नालीत जाऊ द्या, गच्चीवरची सगळी धूळ आणि कबुतरांची घाण त्यात असते.

आता मातीचं. शेतातली काळी माती आणून भरली असणार तुम्ही. सगळेच भरतात, मीही भरली होती. काळी माती शेतात सोनं आहे, पिशवीत दगड होते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि पिशवीच्या कडेने फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली, मुळं कोरडीच. काळी माती चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. उरलेलं शेणखत किंवा घरचं खत, पालापाचोळा आणि थोडा पोयटा. हलकं मिश्रण स्लॅबसाठीही बरं. माणसं वावरतील अशा गच्चीला चौरस मीटरमागे साधारण दीडशे किलो जादा वजन धरून बांधकाम होतं. ओली माती फूटभर थराने पसरली तर साडेचारशे किलोच्या वर जाते. म्हणून सगळ्या गच्चीवर वाफे करायचे नाहीत. जड भांडी भिंतींच्या आणि तुळयांच्या वर, मधला भाग मोकळा. आणि प्रत्येक पिशवी विटांवर. सहाव्या वर्षी आमच्या खालच्या खोलीच्या छताला ओल धरली तेव्हा पिशव्या थेट स्लॅबवर ठेवल्याचा पस्तावा झाला. तो खर्च भाजीच्या हिशेबात धरला असता तर त्या वर्षी मेथीची जुडी चांदीच्या भावाने पडली असती.

चिपाडं म्हणजे रसवंतीवर उसाचा रस काढल्यावर जे उरतं ते. मार्चपासून प्रत्येक चौकात रसवंती लागते आणि त्यांना ते टाकायला जागा नसते. पोतं घेऊन जा, फुकट मिळतं. आणल्याबरोबर कुंडीत घालू नका, गोडाला मुंग्या येतात. चार दिवस कडक उन्हात पसरा, मग घाला. तुमच्याकडे तर त्याहून भारी वस्तू आहे, केळीचं खोड. घड उतरवला की खोड बांधावर पडून असतं, आणि त्यात जवळपास सगळं पाणीच. रावेर-यावलकडे कुणी नातेवाईक असतील तर येताना गाडीत दोन खोडं टाकून आणायला सांगा. वीतभर जाडीच्या चकत्या करून कुंडीत झाडाभोवती ठेवल्या की हळूहळू ओल सोडत राहतात.

घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण त्याशिवाय बाकीचं चालत नाही. चार माणसांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. पुण्याकडच्या लोकांची तक्रार असते की खताला पाणी सुटतं, वास येतो. आपली अडचण उलटी. ऑक्टोबर गेला की ढीग कोरडा पडतो आणि कुजणं थांबतं. त्यामुळे आपल्याकडे खताचा डबा गच्चीवर नको, खाली उत्तरेच्या भिंतीला हवा, आणि उन्हाळ्यात त्यावर रोज तांब्याभर पाणी, वर ओलं गोणपाट. गांडुळं मी हौसेने गच्चीवर ठेवली होती. एप्रिलमध्ये लग्नासाठी चार दिवस अमळनेरला गेले, आले तेव्हा सगळी मेली होती. तुमच्या परसात जमिनीवरच खड्डा करा, पण तळाला आणि बाजूंनी बारीक जाळी लावा. घूस एकदा रस्ता शिकली की सोडत नाही.

आता चौथा फड.

आपल्याकडे उन्हाचं रडगाणं गाताना आपण हे विसरतो, की फेब्रुवारी ते मे सलग, बिनपावसाचं, कोरडं, कडक ऊन ही मोठी दौलत आहे. कोकणात पापड वाळवायचे तर आभाळाकडे बघत बसावं लागतं. आपल्याकडे सकाळी घातलेली गोष्ट संध्याकाळी खुळखुळते. माझ्या सासूबाई उन्हाळ्यात गच्ची रिकामी दिसली की म्हणायच्या, “ऊन फुकट जाई ऱ्हायनं व माय!” त्या गेल्याला नऊ वर्षं झाली, अजूनही मोकळी गच्ची बघितली की मला ते ऐकू येतं. माझ्या हातून झाडं वाळत होती त्या चार वर्षांत त्यांच्या खाटेवर कुरडया वाळत होत्या. मी झाडांसाठी हिरवं कापड ताणत होते आणि त्या ते बाजूला सारत होत्या. शेवटी त्याच बरोबर निघाल्या.

म्हणून माझं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि जूनमध्येही नाही. ते होळीनंतर सुरू होतं आणि आखाजीला त्याची पहिली बेरीज होते. खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, सालही आखाजीपासूनच धरायचे, तेव्हा हे काही मी नवीन काढलेलं नाही. हिवाळ्यात पिकलेलं आणि बाजारात स्वस्त झालेलं, दोन्ही होळी ते मृग या तीन महिन्यांत उन्हातून काढून डब्यात भरायचं.

पालेभाजी उन्हात नको, सावलीत. मेथी धुऊन, पाणी पूर्ण निथळून, जिन्याखाली सुती कापडावर पसरली की आपल्या कोरड्या हवेत दोन दिवसांत कुरकुरीत होते आणि हिरवी राहते. उन्हात टाकाल तर पिवळी पडून गवत होईल. दहा किलो मेथीची एक किलोच्या आसपास होते. गवार मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन, मग उन्हात. पुढे श्रावणात ती तळून वरण-भातासोबत घेतली की मुलं वेफर मागत नाहीत. टमाटे मार्चमध्ये पडत्या भावाने मिळतात, त्यांच्या चकत्या मीठ लावून. दहा किलोंचे जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅम होतात, पण वर्षभर भाजीला आंबटपणा पुरतो. कैरीच्या फोडी वाळवून आमचूर. वांग्याच्या फोडीही वाळवतात, पण त्या मला आवडत नाहीत; भरीत खाल्लेल्या जिभेला ते दुष्काळी वाटतं.

बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, मात्र दोन दिवस आणि चार हात लागतात. ज्वारी कांडून कोंडा काढायचा, भिजवायची, दळायची, मग तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात घेरायचं, म्हणजे सतत हलवत शिजवायचं. घेरणं हे माणसाचं काम, गुठळी झाली की संपलं. गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापायचे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. त्या दिवशी घरातली पोरं साखर घातलेला गरम चीक खायला चुलीभोवती बसतात. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे. चीक आणि उडदाच्या पापडाच्या तेल लावलेल्या लाट्या तिला याच वयात मिळाल्या तर लक्षात राहतील.

वर्षाचं धान्यही याच फडावरून जातं. गहू, ज्वारी, तूर मार्च-एप्रिलमध्ये घ्या, दोन दिवस कडक उन्हात घाला, दाताखाली कटकन तुटतं का बघा, आणि रात्रभर निवू देऊन मगच कोठीत भरा. गरम गरम भरलं तर आत घाम सुटतो आणि त्या ओलीवर कीड येते. तूरडाळीला एरंडेलाचा हात, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळणा करून ठेवू नका, पीठ लवकर जून होतं. धान्य मिसळून ठेवा, दळण लागेल तसं काढा.

याच उन्हात पेटीसारखा सौरकुकर ठेवा. दसऱ्यानंतर पावसाळा येईपर्यंत सकाळी दहाला डाळ-तांदूळ लावून गेलं की दुपारी एकला तयार. करपत नाही, उतू जात नाही, नोकरीवाल्यांना तर देवच. शेंगदाणे फार छान भाजले जातात. बट्टी मात्र त्यात होत नाही, मी तीनदा करून पाहिली. ती गोवऱ्यांवरच.

कोंबड्यांबद्दल तुमच्या यजमानांनी विचारलंय. आधी तुमच्याकडे शहरात पाळायला परवानगी लागते का ते बघा आणि शेजाऱ्यांना विचारा. आम्ही सहा गावरान ठेवल्या होत्या. वर्षाला कोंबडीमागे साठ-सत्तर अंडी. मेमध्ये दुपारी त्या चोच उघडून धापा टाकायला लागल्या, गोणपाट भिजवून लावलं, तरी दोन गेल्या. मी पुन्हा ठेवल्या नाहीत.

आता पैसे. दर महिन्याला वहीत लिहिते म्हणून सांगू शकते. ऑगस्ट ते फेब्रुवारी आमच्या गच्चीतून आठवड्याला चार-पाच किलो भाजी निघते, एप्रिल-मेमध्ये कढीपत्ता-पुदिन्याशिवाय काही नाही. त्या सात महिन्यांत भाजीचे महिन्याला आठशे-हजार रुपये वाचतात. सौरकुकरमुळे सिलिंडर दहा-बारा दिवस जास्त पुरतो. धान्य हंगामात घेतल्याने आणि वाळवणामुळे त्याहून जास्त वाचतं, फक्त ते एकरकमी आधी घालावं लागतं. पहिल्या दोन वर्षांत मात्र काहीच वाचणार नाही, उलट जाईल. स्वयंपूर्ण वगैरे शब्द तर सोडूनच द्या. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर प्रयोग परिवारातून आयुष्यभर कमी जागेत जास्त पिकवायला शिकवत राहिले, आणि तेसुद्धा पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे धरत. आपल्याकडे अर्धा आहे. गहू, तेल, डाळ बाजारातूनच येणार.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्रात दिसते. “सासूबाई घरी असतातच, त्या बघतील,” असं एक वाक्य त्यात आहे. तिथे जरा थांबा. अशा घरांचे फोटो सुंदर येतात, आणि त्या फोटोंत नसलेलं काम बहुतेक वेळा एकाच बाईच्या अंगावर असतं. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे चारला उठून टाकी भरणं, खत खालीवर करणं, वाळवण कबुतरांपासून राखणं, अवकाळीचा ढग आला की धावत वर जाणं. सातव्या-आठव्या वर्षी माझी पाठ धरली तेव्हा घरात कुणालाच घागरी किती दिवसांनी भरायच्या ते माहीत नव्हतं. दोष माझाही होता, मी कुणाला हात लावू देत नव्हते. मग सून आली. तिने पहिल्याच उन्हाळ्यात सरळ सांगितलं, “आई, मला पापड लाटायला जमणार नाही, पण टाकीचं आणि खताचं मी बघते.” मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण मग घरातही पाटकरी ठरला. पाणी सुनेकडे, खत मुलाकडे, आमच्या ह्यांच्याकडे धान्य वाळवणं आणि कोठी, माझ्याकडे पेरणी आणि बियाणं. पापड-बिबडे गल्लीतल्या तीन घरांनी मिळून एका दिवशी, आणि जे होत नाही ते बचत गटाकडून विकत. हे काम वाटून घेतलं तेव्हापासून एकही वर्ष मधेच सोडलेलं नाही. तेव्हा सासूबाईंना आधी विचारा त्यांना काय करायला आवडेल. कदाचित त्यांना फक्त बिबडे थापायचे असतील, आणि तो त्यांचा हक्क आहे.

एवढं सगळं करूनही काही भाज्या तुम्ही न लावता येतील, त्या उपटू नका. पहिल्या पावसानंतर पिशव्यांत घोळ, केना, पाथरी, तांदुळजा आपोआप उगवतो. साक्री तालुक्यात बारीपाड्याला, जिथलं जंगल राखल्याबद्दल चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तिथे वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धाच भरते. एकदा पावसाळ्यात मुलीला घेऊन जा. परत आल्यावर आपण पिशवीतून काय काय उपटून टाकत होतो ते कळेल.

होळी आता आठ दिवसांवर आहे. या वर्षी फेब्रुवारीत काही लावलं नसेल तर फार चांगलं केलंत. आहेत त्या पिशव्या सावलीत लोटा, चिपाडं आणा, खाट वर न्या आणि पाच किलो टमाट्यांनी सुरुवात करा. आखाजीला एकीऐवजी तीन घागरी घ्या. मेमध्ये माती-खत मिसळून ठेवा. मृग लागला की वांग्याचं बी वाफ्यात, जुलैत रोपं पिशवीत, एका पिशवीत एकच. तुमच्या जिल्ह्याच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा बामणोदकडचं बी मिळालं तर दुसरं शोधू नका. नाही मिळालं तर माझ्याकडे डब्यात राखेत घालून ठेवलेलं आहे, ओळखीच्या माणसाकडून एसटीने पाठवेन. एका पिशवीला हंगामात आठ-दहा वांगी लागतात. ती गॅसवर भाजू नका. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्या आत्तापासून भारा बांधून जिन्याखाली ठेवा, डिसेंबरात शोधायला गेलात तर शेतात कुणी शिल्लक ठेवलेल्या नसतात.